आठ महिन्यांची मोटार

नवी मोटार घेतल्याचे वर्तमान आप्तेष्टांना कळविण्यात जो आनंद असतो, तो ती विकल्याचे कळविण्यात नसतो. त्यातून मोटार अवघी आठ महिन्यांची असली, म्हणजे मनुष्य ती गोष्ट होईल तितकी झाकून ठेवतो. आम्हीही काही दिवस झाकून ठेवली. परंतु बऱ्हाणपूरसारख्या गावात, जेथे गल्लीच्या एका टोकाला शिंक आली तर दुसऱ्या टोकाहून प्रकृतीची विचारपूस होते, तेथे असली गुपिते किती दिवस टिकणार? "क्या मास्साब, गाड़ी निकाल दी?" हा प्रश्न दूधवाल्यापासून शाळेतील जुन्या सहकाऱ्यांपर्यंत सर्वांनी विचारून झाला. तेव्हा वाटले, की झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरी. पण आमची मूठ साडेतीन लाखांची होती आणि ती उघडल्याने कोणाचा लाभ होत असेल, तर उघडणेच बरे. म्हणून हा जमाखर्च वाचकांपुढे मांडीत आहोत.

आमचे घराणे चार पिढ्यांपासून बऱ्हाणपुरात आहे. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने मराठ्यांना जे प्रदेश दिले, त्यांत अशीरगड व बऱ्हाणपूर ही स्थळे होती, हे आम्ही वर्गात मुलांना मोठ्या अभिमानाने शिकवीत असू. आमचे पणजोबा मात्र तलवार घेऊन नव्हे, तर सुताचा व्यापार करणाऱ्या एका पेढीवर हिशेबनीस म्हणून आले. हिशेबनिसाच्या पणतवाचा हिशेब असा चुकावा, हे नवलच म्हणावयाचे.

घर जुन्या गावात, परकोटाच्या आत आहे. ज्यांनी हे गाव पाहिले आहे, त्यांना त्या घराकडे येणारी वाट डोळ्यांपुढे आणता येईल. शनवारा दरवाजा ओलांडला, की रस्ता हळूहळू अंग चोरू लागतो. पुढे गल्ली, गल्लीतून बोळ, आणि बोळाच्या वळणावर एका जुन्या ओट्याचा दगड पुढे आलेला. पालखी, घोडा, बैलगाडी यांच्यासाठी वसलेली ही वस्ती. सायकल-रिक्षा येथे आली, पुढे स्कूटर आली, ऑटोरिक्षाही अंग वाकडे करून दारापर्यंत येते. मोटार मात्र त्या दगडाशी येऊन थांबते. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? चौसष्ट वर्षे त्या दगडाला वळसा घालीत आहोत. परंतु हौसेने मनाचा ताबा घेतला, म्हणजे रोज दिसणारा दगडही दिसेनासा होतो.

ही हौस कोठून आली, ते सांगितले पाहिजे. आमच्या वडिलांनी स्कूटरसाठी नाव नोंदविले, तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्या दिवसांत स्कूटर पैसे टाकून मिळत नसे. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमची स्कूटर आली त्याच दिवशी संध्याकाळी एका व्यापाऱ्याने छापील किमतीपेक्षा अधिक रक्कम देऊ केली. वडिलांनी ती नाकारली. पण "वाहन म्हणजे सोने, आज घेतले तर उद्या दोन पैसे जास्तच येतील," हे वाक्य आमच्या घरात कायमचे राहिले. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली छोटी मोटार रस्त्यावर आली, तेव्हाही नंबर लागलेल्या माणसाकडे लोक हेव्याने पाहत. वस्तू थोड्या आणि मागणारे फार, असा तो काळ होता. १९९३ मध्ये मोटारींच्या उत्पादनावरील परवान्याचे बंधन उठले, कारखाने वाढले, आणि आज पैसे भरले तर बहुतेक मोटारी काही दिवसांत दारी येतात. ज्या टंचाईमुळे जुन्या वाहनाला नव्याहून अधिक भाव येई, ती टंचाई केव्हाच गेली. आमच्या मनातून मात्र ती गेली नव्हती.

२०२३ साली आम्ही सेवानिवृत्त झालो. चिरंजीव पुण्यास नोकरीला आहेत. त्यांनी मोटार घेतली. मेहुण्यांनी घेतली. विवाहसमारंभात "तुम्ही कशाने आलात?" या प्रश्नाला "गाडीने" हे उत्तर देणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि "रेल्वेने" म्हणताना आमचा आवाज उगीचच खाली येऊ लागला. शिवाय एक सबळ कारण होते, निदान तसे आम्ही मानले. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखत असत. लालबागच्या स्थानकावरील जिना चढणे त्यांना जड जाई. "तुझ्यासाठीच घेतो आहोत," असे आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, "अहो, मला कोठे जायचे असते? पण तुमची इच्छा असेल तर घ्या." या वाक्यातील 'पण' आम्ही ऐकला नाही.

२०२५ सालचा गुढीपाडवा ३० मार्चला होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी मोटार घरी आणली. घरी म्हणजे दगडापर्यंत. उंच बांध्याची, पांढरीशुभ्र, चार मीटरांच्या आत बसणारी पेट्रोलची मोटार. शोरूममधील किंमत आठ लाख नव्वद हजार. त्यावर रस्ता-कर, विमा, नोंदणी आणि सीटकव्हरांपासून गालिच्यांपर्यंतचे साहित्य धरून दहा लाख तीस हजार रुपये झाले. त्यांपैकी तीन लाख तीस हजार आम्ही रोख भरले व सात लाखांचे कर्ज पाच वर्षांच्या मुदतीने घेतले. मासिक हप्ता चौदा हजार सातशे. निवृत्तिवेतनातून तो सुटेल, असा हिशेब केला होता, आणि तो सुटतही होता. फक्त त्यानंतर दुसरे फारसे काही सुटत नव्हते.

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी ध्यानात आल्या. एक, मोटार दारापर्यंत येत नाही. म्हणून शनवाऱ्याबाहेर एका परिचितांच्या आवारात दरमहा दीड हजार रुपये भाडे देऊन तिची सोय करावी लागली. दोन, तेथपर्यंत सौभाग्यवतींना चालवत नाही. म्हणून मोटारीत बसण्यासाठी आधी ऑटोरिक्षा बोलवावी लागे. तीन, आणि ही गोष्ट सांगताना आजही आम्हांस ओशाळल्यासारखे होते, ती उंच मोटार ज्यांच्या गुडघ्यांसाठी घेतली, त्यांना तिच्यात चढताच येत नव्हते. डिकीत एक लहान स्टूल ठेवावे लागले. ते खाली मांडावे, सौभाग्यवतींनी एका हाताने दार व दुसऱ्या हाताने आमचा खांदा धरावा, आणि चढून बसल्यावर आम्ही स्टूल उचलून पुन्हा डिकीत ठेवावे. ऑटोरिक्षात त्या विनासायास बसत असत.

शोरूममध्ये आम्ही मोटार चालवून पाहिली नव्हती काय? पाहिली होती. इंदूर-इच्छापूर महामार्गावर, मोकळ्या रस्त्यावर, सकाळच्या वेळी. तेथे ती लोण्यासारखी धावली. ती आपल्या गल्लीत आणून पाहावी, घरातील ज्येष्ठ माणसाला तिच्यात चढउतार करावयास सांगावे, हे सुचले नाही. खरेदीदाराला मोटार नेहमी तिच्या सोयीच्या जागी दाखविली जाते. ती आपल्या गैरसोयीच्या जागी नेऊन पाहणे हे खरेदीदाराचे काम आहे. एवढा एक धडा कोणी घेतला, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

जून-जुलैपर्यंत पश्चात्ताप पुरता मुरला होता. मोटारीने आम्ही चार वेळा इंदूरला गेलो, दोनदा शेगावला, पाहुण्यांना घेऊन अशीरगडला आणि एकदा इच्छापूरला इच्छादेवीच्या दर्शनाला. एरवी ती झाकण पांघरून उभी. एकदा दगडापुढे नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा डाव्या बाजूच्या मागल्या दाराला त्या दगडाने आपली सही दिली. ते दार रंगवून घ्यावे लागले. अखेर श्रावणात आम्ही उभयतांनी ठरविले, की मोटार विकावी.

परत करता येत नाही काय, असा प्रश्न एका स्नेह्याने विचारला. नाही. मोटारीत दोष निघाला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दोष आपल्या निवडीत असेल, तर तिची दाद मागण्यासाठी कोणताही आयोग नाही.

मग प्रश्न आला किमतीचा. आमच्या मनात साधा हिशेब होता: मोटार चार महिन्यांची, फार तर पाऊण लाख कमी करू. आम्ही नऊ लाख पंचावन्न हजार सांगू लागलो. गिऱ्हाईक हसून निघून जाई. तेव्हा आम्ही रागावत असू. आज त्यांचे चुकत नव्हते हे कळते. दहा लाख तीस हजारांपैकी एक लाख चाळीस हजार हे मुळी मोटारीची किंमत नव्हतीच. तो कर होता, विमा होता, साज होता. तो खर्च पहिल्या दिवशीच संपला. उरलेल्या आठ लाख नव्वद हजारांचेही असेच. मोटार-विम्याच्या जुन्या दरपत्रकातील कोष्टक पाहिले, तर सहा महिन्यांपर्यंतच्या वाहनाची किंमत पाच टक्के, आणि सहा महिन्यांनंतर वर्षापर्यंत पंधरा टक्के घट धरून काढलेली दिसते. ही घट शोरूमच्या किमतीतून धरावयाची, आपण मोजलेल्या एकूण रकमेतून नव्हे. आणि बाजार त्या कोष्टकाहूनही कठोर असतो.

तो कठोर का असतो, याचे उत्तर जॉर्ज अकेर्लॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० सालीच दिलेले आहे. जुन्या मोटारींच्या बाजारावर त्याने एक निबंध लिहिला, आणि त्या विचाराबद्दल २००१ साली दोन सहकारी अर्थशास्त्रज्ञांसह त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मोटार चांगली की वाईट, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मनात म्हणतो, "चांगली असती, तर हा विकता कशाला?" आणि संशयापोटी भाव पाडून मागतो. मोटार जितकी नवी, तितका हा संशय मोठा. पाच वर्षांची मोटार विकणाऱ्याला कोणी कारण विचारीत नाही. चार महिन्यांची विकणाऱ्याला प्रत्येक जण विचारतो. आम्हांला तर एकाने स्पष्टच विचारले, "एक्सीडेंट की है क्या?" दुसऱ्याने हळूच विचारले, मोटार घरात आल्यापासून काही अशुभ तर घडले नाही ना. खरे कारण सांगितले, की गल्लीत वळत नाही आणि बाईंना चढता येत नाही, तर कोणाचा विश्वास बसेना. खरे कारण फारच साधे होते.

आमचे आतेभाऊ रावेरला असतात. केळीच्या बागा, मोकळे अंगण. मोटार त्यांना पसंत पडली. परंतु रावेर महाराष्ट्रात. मध्यप्रदेशातील नोंदणीची मोटार तेथे कायमची न्यावयाची, तर येथील कार्यालयाचा ना-हरकत दाखला, तेथे नवी नोंदणी आणि तेथील रस्ता-कर पुन्हा भरणे आले. येथे भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो अर्ज-विनंत्यांचा वेगळा अध्याय. तासाभराच्या अंतरावरील घरी मोटार पाठविण्यात सरहद्द आडवी आली. आपणा सीमेवरच्या मराठी माणसांचे सोयरे एका राज्यात व कागद दुसऱ्या राज्यात असतात, हे आपल्याला नवीन नाही.

त्याच सुमारास खंडव्याचे एक गृहस्थ आले. सभ्य मनुष्य; त्यांनी मोटार नीट पाहिली आणि आठ लाख पस्तीस हजार देऊ केले. आम्ही नाकारले. "आमचे दहा लाख तीस हजार लागले आहेत," असे आम्ही म्हणालो. ते म्हणाले, "आपके लगे होंगे साहब, गाड़ी के तो नहीं लगे ना." आम्हांला ते उद्धट वाटले. त्याहून खरे वाक्य त्या संपूर्ण व्यवहारात कोणी बोलले नाही.

पुढे जे घडले, ते आमच्या हातचे नव्हते. पण थांबणे आमच्या हातचे होते. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दिवाळीपूर्वी वस्तू व सेवा करात मोठे फेरबदल होणार असल्याचे सांगितले. त्या दिवसापासून जुन्या मोटारीचे गिऱ्हाईकही "थांबून पाहतो" म्हणू लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले. आमच्या मोटारीसारख्या लहान पेट्रोल मोटारींवर पूर्वी अठ्ठावीस टक्के कर व वर एक टक्का उपकर होता; तो अठरा टक्क्यांवर आला. तीच नवी कोरी मोटार शोरूममध्ये सुमारे पाऊण लाखाने स्वस्त झाली. ज्यांनी नंतर घेतली, त्यांचे कल्याण झाले. त्यांचा आम्हांस हेवा नाही. पण नवी स्वस्त झाल्यावर जुनीला कोण विचारणार? आम्ही नाकारलेले आठ लाख पस्तीस हजार आता स्वप्नवत् झाले. तरी अहंकार म्हणे, "दिवाळीत भाव येईल." आम्ही हट्टाने बसून राहिलो.

हा हट्ट सुटला तो बाजारामुळे नव्हे.

दसऱ्यापूर्वी घरातील साफसफाई चालली होती. माळ्यावरील डबे खाली काढताना सौभाग्यवतींची हिशेबाची वही हाती लागली. किराणा, दूध, भांडेवाली, वर्तमानपत्र, असा तो नेहमीचा हिशेब. सप्टेंबरच्या पानावर तळाशी त्यांच्या बारीक अक्षरात लिहिले होते: "मोटार हप्ता १४,७००. बाकी ५५." आणि त्याखाली: "गुडघा, हप्ते फिटल्यावर."

श्रावणात आम्ही त्यांना जळगावला डॉक्टरांकडे नेले होते. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया फार लांबवू नये, असे त्यांनी सांगितले होते. सौभाग्यवती तेव्हा "दिवाळीनंतर पाहू" म्हणाल्या होत्या आणि आम्ही त्यांचा शब्द मानला होता. कारण तो मानणे आम्हांस सोयीचे होते. निवृत्तीच्या वेळची एक मुदतठेव शिल्लक होती. पण कर्ज असताना तिला हात लावू नये, हप्ता चुकला तर तीच आधार, असे आम्हीच वारंवार घरात बोलून दाखवीत असू. त्यांनी ते ऐकले होते, आणि आपला गुडघा पंचावन्न हप्त्यांच्या मागे, रांगेत उभा केला होता. शेवटचा हप्ता २०३० च्या एप्रिलात होता. आम्ही वही हातात घेऊन किती वेळ बसलो, ठाऊक नाही. त्या आत आल्या, वही पाहिली, आणि म्हणाल्या, "अहो, ते असेच लिहिलेले. मनावर घेऊ नका." मोटार त्यांच्यासाठी घेतली, असे आम्ही सहा महिने चारचौघांत सांगत होतो.

त्या रात्री आम्ही मोटारीची किंमत विचारणे सोडले व दुसराच प्रश्न विचारला: आज जर आपल्या हाती मोटार नसती आणि तिच्या आजच्या बाजारभावाएवढी रोकड असती, तर आपण ही मोटार घेतली असती काय? उत्तर द्यावयास क्षणही लागला नाही. मग ती ठेवण्याला कारण एकच उरले, आणि ते म्हणजे गेलेल्या पैशांचा शोक. गेलेले पैसे मोटार ठेवल्याने परत येत नव्हते. उलट दर महिन्याला ती आणखी जुनी होत होती.

दसऱ्यानंतर एका दलालामार्फत गिऱ्हाईक शोधले. दलाल हुशार. रंगविलेल्या दाराकडे पाहून म्हणाला, "मास्साब, ये बताने की ज़रूरत नहीं. पालिश मार देंगे, किसी को पता नहीं चलेगा." छत्तीस वर्षे मुलांना जे शिकविले, त्याची ही परीक्षा होती, आणि खरे सांगावयाचे तर मन एकदा डळमळले. पण ज्या संशयामुळे आपल्या मोटारीचा भाव पडला, त्याच संशयाला आपण स्वतः खरे ठरवावे काय? आम्ही एका कागदावर सर्व लिहून काढले: मोटार केव्हा घेतली, किती चालली, सर्व्हिसिंग कोणत्या तारखांना झाले, विम्याचा दावा केलेला नाही, डावे मागले दार घासून रंगविले आहे, आणि विकण्याचे कारण. घेणाऱ्याने स्वतःचा मिस्त्री आणून पाहावे, असेही लिहिले.

नेपानगरचे एक तरुण दांपत्य आले. वृत्तपत्राच्या कागदासाठी ज्याचे नाव देशभर झाले, तेच नेपानगर. मोकळी वसाहत, रुंद रस्ते. दोन मुले धावत जाऊन मागल्या आसनावर चढली, स्टुलावाचून. त्यांनी साडेसात लाख देऊ केले होते. कागद वाचून व मिस्त्रीकडून दार पाहून सात लाख चाळीस हजारांवर आले. दहा हजार कमी झाले खरे. पण व्यवहार ठरल्यावर त्या तरुणाने "काका, आता दुसरीकडे बघत नाही," म्हणून तेथल्या तेथे इसाराची रक्कम दिली. मोटार वाईट नव्हतीच. ती आमची नव्हती, एवढेच.

व्यवहाराच्या कागदांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे पुष्कळ जण गाफील राहतात. कर्ज असलेली मोटार आधी कर्जमुक्त करावी लागते. खरेदीदाराने कर्जाची रक्कम परस्पर वित्तसंस्थेच्या खात्यात भरली. तिने ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ दिला, त्यावर नोंदणीपत्रातील कर्जाची नोंद रद्द होते. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३०. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावयाचे असते. विमाही चौदा दिवसांत नव्या मालकाच्या नावे करून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. "मोटार दिली, पैसे मिळाले, आता आपला काय संबंध?" असे समजू नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आहे, की मोटार पुढे कितीही हातांत गेली, तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून नोंदणीपत्रावर नवे नाव चढल्याचे स्वतः पाहिल्यावाचून आम्ही स्वस्थ बसलो नाही. जुन्या मोटारींवरील अठरा टक्के कराची धास्तीही काहींना वाटते. तो कर अशा मोटारींचा व्यापार करणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला, तोही नफ्याच्या फरकावर लागतो. आपल्यासारख्या गृहस्थाने घरची मोटार विकली, तर तो लागत नाही.

आता हिशेब. दहा लाख तीस हजारांची मोटार सात लाख चाळीस हजारांना गेली. तोटा दोन लाख नव्वद हजार. सात हप्त्यांतील व्याज सुमारे सदतीस हजार. कर्ज ठरल्या व्याजदराचे असल्यामुळे मुदतीपूर्वी फेडल्याचा आकार, करासह, सुमारे तीस हजार. एकूण तीन लाख सत्तावन्न हजार. मोटार चालली होती तीन हजार आठशे किलोमीटर. म्हणजे एका किलोमीटरला जवळजवळ चौऱ्याण्णव रुपये, पेट्रोल आणि जागेचे भाडे वेगळेच. कर्ज फिटून आमच्या हाती उरले पंचाहत्तर हजार आणि एक लहान स्टूल. श्रावणात खंडव्याच्या त्या गृहस्थांना 'हो' म्हटले असते, तर आणखी पंचाण्णव हजार वाचले असते. तो आकडा बाजाराने नेला नाही; तो आमच्या हट्टाची किंमत म्हणून आम्ही वेगळ्या रकान्यात लिहिला आहे.

पण त्याच वहीत जमेची बाजूही आहे. हप्ता थांबला. ठेवीवरील पहारा उठला. संक्रांतीनंतर जळगावला शस्त्रक्रिया झाली. जाताना आम्ही ऑटोरिक्षाने लालबागला आणि तेथून रेल्वेने गेलो. स्थानकावर हमालाने खुर्ची आणली. शस्त्रक्रियेनंतर घरी परतताना भाड्याची मोटार केली, ठेंगणी, बसावयास सोपी. चालकाने ती दगडाशी थांबविली आणि तेथून पुढे ऑटोरिक्षा. मोटार लागते तेव्हा ती भाड्याने मिळते, ही गोष्टही आम्हांला दहा लाख खर्चून कळली.

लोक विचारतात, "पुन्हा घेणार काय?" कदाचित घेऊ. लहान, ठेंगणी, जुनी. आणि घेण्यापूर्वी तिला आमच्या गल्लीत आणू व सौभाग्यवतींना आत बसवून पाहू. सध्या मात्र त्या रोज सायंकाळी काठी घेऊन बोळाच्या वळणापर्यंत चालत जातात, त्या पुढे आलेल्या दगडावर पाच मिनिटे बसतात आणि चालत परत येतात. डॉक्टरांनी अंतर हळूहळू वाढवा म्हणून सांगितले आहे. पुढच्या महिन्यात शनवाऱ्यापर्यंत जाण्याचा विचार आहे.